तोंडी मत

माया नवऱ्याचं नाव मारोतराव. घ्या, घेतलं म्या. जीभ झडली नाई, आभाळ फाटलं नाई, अन् तो माणूस बी धडधाकट हाये, ओट्यावर बसून सुपारी कातरून राह्यला. ज्याइले कानात बोटं घालाची असतीन त्याईनं खुशाल घालावी. लग्न झालेल्या बाईनं नवऱ्याचं, सासऱ्याचं, भासऱ्याचं म्हणजे थोरल्या दिराचं नाव घेऊ नाई, हे मले काय ठाऊक नव्हतं? माया मायनं मले चालता येत नव्हतं तवापासून शिकवलं ते. पण त्या रीतीचा फास करून कोणी आमच्याच गळ्यात टाकन, अन् तो बी लेकराईच्या शाळेपायी, हे काई तिनं शिकवलं नव्हतं.

सत्तावन सालची गोष्ट हाये. आमचं सावरखेड मंगरूळपीरपासून सात कोस. गावात शाळा चौथीवरी. एक खोली, एक मास्तर, चार वर्ग. मास्तर पयलीले बाराखडी म्हणाले लावे, तवरी चौथीचे पोट्टे एकमेकाच्या टोप्या उडवत. पाणी आलं की अर्धी खोली गळे, मंग चारही वर्ग एका कोपऱ्यात कोंबले जात, अन् पोट्टे घरी येऊन सांगत की आज गणित ओलं झालं.

त्या साली माई गोमती चौथी पास झाली. आमच्या गल्लीतली चौथी पास झालेली पयली पोट्टी. मास्तर मुद्दाम घरी आला अन् म्हणे, "रंगूबाई, ही पोरगी थांबवू नका." नका थांबवू म्हणजे काय करू? पाचवी मंगरूळपीरले. ज्याइचे पोट्टे शिकाले जात, ते तथी मामाच्या, मावशीच्या घरी राहत. आमचं तथी कोणी नाई, अन् अकरा वर्साची पोट्टी परक्याच्या दारात कोण ठेवते? घरी बसली की दोन वर्सात तिच्या कपाळाले मुंडावळ्या, हे मले दिसत होतं. माया कपाळाले तेराव्या साली लागल्या होत्या. मी तिसरीतून उठली तवा मास्तरनं माई पाटी पुसून दुसऱ्या पोट्टीले देल्ली होती. ते मी अजून इसरली नाई.

अशात तालुक्याहून सांगावा आला. गावानं आणखी एक खोली बांधून देल्ली तं पाचवीचा वर्ग अन् दुसरा मास्तर सरकार देईन. श्रमदानाचे दिवस होते ते. गावच्या लोकाईनं उन्हाळ्यात टेकडीवरून दगड काढले. अन् ते वाहून आणले कोणाच्या बैलाईनं? तांड्याच्या. नाल्यापलीकडं बंजाऱ्याइचा तांडा हाये, तथचे पोट्टे बी याच शाळेत येत. रुपाबाई म्हणून तथची एक बाई, तिचा माणूस कामाले बाहेर गेलेला, तं तिनं सोता गाडी जुतली. तिची चंदा अन् माई गोमती एका पाटीवर लिवत, एक बाजू हिची, एक बाजू तिची. रुपाबाई म्हणे, "रंगूबाई, दोघी पाचवी शिकतीन तं एकमेकीले सोबत." वैशाखाच्या उन्हात ती बाई डोक्शावर ओला पदर टाकून गाडीवर बसे. एक पैसा मांगतला नाई तांड्यानं. खोलीसाठी हाये म्हणलं, बस.

दगडाचा ढीग शाळेसमोर पडला, अन् उकंडरावले कमान सुचली.

उकंडराव म्हणजे शाळा कमिटीचा अध्यक्ष. कमिटी झाली तवापासून हाच. त्याच्या आधीचे लेकरं जगले नाईत, म्हणून मायनं त्याले उकंड्यावर लोळवून आणलं अन् नाव ठेवलं उकंड्या, की बा घाण हाये, याले कोणी नेऊ नका. त्यात त्याचा काई दोष नाई. दोष पुढचा हाये. मीटिंगमधी उभा राहून म्हणे, "आधी शाळेले शोभा पाहिजे. वरचे साहेब लोक येतात, त्याइच्या डोयात गाव भरलं पाहिजे. समोर दगडी कमान, तिच्यावर माया बाचं नाव. खोली काय, पुढच्या साली होईन."

म्हणजे दगड गावाचा, बैल तांड्याचे, घाम लोकाईचा अन् नाव याच्या बाचं. त्याचा बा तं अंगठा लावत लावत मेला, शाळेची पायरी चढला नाई कधी.

आमी बाया मीटिंगच्या मागच्या भिंतीआड उभ्या होतो. आत गडीमाणसं जमिनीकडं पाहून राह्यले. अन् मंग माया नवऱ्याचा आवाज आला. बाप्पा, मले माया कानावर भरोसा बसेना. हा माणूस म्हणजे असा की बैल पायावर उभा राह्यला तं त्याले म्हणन, "जरा सरक ना गा." तो म्हणे, "उकंडराव, कमानीखाली बसून पोट्टे पाचवी शिकतीन काय?"

एवढंच बोलला. बसला खाली. पण लोक हासले अन् उकंडरावचं तोंड काळंठिक्कर पडलं. त्याच साली कमिटीची निवडणूक लागणार होती. लोक आमच्या ओट्यावर येऊन म्हणाले लागले, मारोतराव, तुमीच उभे राहा. तो कायले होकार देते? म्या आतून सांगतलं, उभे राहतीन म्हणून. नाई म्हणाची त्याची हिंमत नव्हती, माया समोर तं नाईच.

मंग मी घरोघर फिरली. सकाळी पाणी भराले, दुपारी कापूस येचाले, जथी बाया तथी मी. म्या म्हणलं, बायाहो, खोली पाहिजे का कमान? एक बी बाई कमान म्हणाली नाई. मत कसं देतात ते साऱ्याइले ठाऊक होतं. त्याच साली दिल्लीची निवडणूक होऊन गेली होती. पडद्याआड जायचं, निशाणीच्या पेटीत कागद टाकाचा, बाहेर यायचं. कोणी तोंड उघडाले सांगतलं नाई. आमच्या बायाइले ते लय आवडलं होतं, कारण नवऱ्याले बी समजे ना की हिनं कोणाले देल्लं.

माई सासू तुळसाबाई बी माया बाजूनं होती. तिच्याबद्दल सांगणं जरूरी हाये. तिच्या सासऱ्याचं नाव मारोती. सासरा मेल्यावर वर्साच्या आत हिले पोरगा झाला, तं घरच्याईनं त्याले आज्याचं नाव ठेवलं. ठेवणाऱ्याचं काय जाते? सासऱ्याचं नाव सून कशी घेईन? तिनं पोटच्या पोराले जन्मात नावानं हाक मारली नाई. लहानपणी बापू, मोठा झाल्यावर बी बापू. वावरातून बोलवाचं असलं तं "बापू वो", आजारी पडला तवा देवापुढं बसली तं "माया बापूले बरं कर." वेशीवरच्या मारोतीच्या देवळाले ती "शेपटीवाल्याचं देऊळ" म्हणे. ती एकटीच नाई. आमच्या गावात शनिवारी पोट्टं झालं की मारोती, नवस फेडला की मारोती. दर दुसऱ्या घरात कोणाचा नवरा मारोती, कोणाचा सासरा, कोणाचा भासरा. अर्ध्या गावच्या बायाइले त्या देवाचं नाव वर्ज्य. अन् उकंडराव नावाचा माणूस साऱ्या गावात एकच.

हे गणित आमच्या कोणाच्या डोक्शात आलं नाई. ज्याच्या आलं त्यानं चूप बसून त्याचं काम करून ठेवलं.

निवडणुकीची तारीख लागली ती पौषात. दिवाळी झाली की अर्धा तांडा लाकूडतोडीच्या कामाले लांब जाते, ते साऱ्याइले ठाऊक. तारीख कोणी सुचवली, ते इचाराची गरज नव्हती. तांड्यावर म्हातारे अन् दहा-पाच बाया उरल्या होत्या.

त्या दिवशी तालुक्याचा साहेब शाळेत येऊन बसला. चष्मेवाला, तरणा, सभ्य माणूस. समोर टेबल. एका बाजूच्या बाकावर माया नवरा मान खाली घालून, दुसऱ्या बाजूच्या बाकावर उकंडराव मांडीवर मांडी टाकून. भवताल सारे गडीमाणसं. पेटी नाई, पडदा नाई, निशाणी नाई. साहेबानं उभं राहून सांगतलं, "मतदान तोंडी होईल. एकेकाने समोर यायचं आणि उमेदवाराचं नाव स्पष्ट उच्चारायचं. खाणाखुणा चालणार नाहीत."

गडीमाणसाइचं भराभर झालं. बराबरीचं चाललं होतं, एक इकडे, एक तिकडे. मंग बायाइची पाळी. वयानं मोठी म्हणून पयली माई सासू. डोक्शावरचा पदर कपाळावरी ओढून ती टेबलाजवळ गेली.

साहेब म्हणे, "बोला आजी, मत कुणाला?"

"माया पोऱ्याले."

"नाव सांगा."

"बापू."

साहेबानं समोरचा कागद पाह्यला. "बापू नावाचा उमेदवार नाही."

"हा काय बसला," सासूनं बोट दाखवलं.

"आजी, बोट दाखवून चालत नाही. नाव घ्या."

सासूनं मान हालवली. "माया सासऱ्याचं नाव हाये ते. सत्तर वर्साची झाली मी, कधी ओठावर आणलं नाई. आता काय आणू?"

साहेब गोंधळला. त्यानं उकंडरावकडं पाह्यलं. उकंडराव हात जोडून म्हणे, "साहेब, म्हाताऱ्या माणसाले जबरदस्ती नका करू. पण नियम तो नियम." साहेबानं लेखणी टेकवली अन् म्हणे, "मत बाद."

तुळसाबाई म्हणजे गावची वडील बाई, लग्नात हळद तिच्या हातची पयली. तिनं नाव घेतलं नाई, तं मागच्या सुनाइची काय बिशाद? शेजारची हिरीबाई गेली, म्हणे "शेपटीवाला." बाद. मागची गेली, "वेशीवरचा." बाद. तिसरी म्हणे "अंजनीचा पोरगा," तं गडीमाणसं फिदीफिदी हासले. एकीनं सांगतलं, "आमच्या घरच्या मानसाचं जे नाव हाये, तेच." साहेबानं इचारलं, "तुमच्या घरच्या माणसाचं नाव काय?" ती म्हणे, "ते मी कशी सांगू?" बाद. अन् अधूनमधून उकंडरावच्या बाजूची एखादी बाई ठसक्यात जाय अन् "उकंडराव" म्हणून येऊन जाय. तिले कायची अडचण?

मी रांगेत उभी, अन् अंगाचा नुसता तिळपापड. साऱ्या उन्हाळ्यात ज्या बायाईनं दगड उचलले त्या एकामागं एक बाद होऊन राह्यल्या होत्या. कायले? आईबापानं लावलेलं वळण पाळलं म्हणून. मंग माई पाळी आली.

म्या साहेबाले म्हणलं, "साहेब, दिल्लीच्या निवडणुकीत कोणी नाव इचारलं नाई. तथी चालते अन् अथी काहून चालत नाई?"

तो म्हणे, "बाई, इथे लोकांना लिहिता-वाचता येत नाही, चिठ्ठ्यांचा घोळ होतो, असं आम्हाला कळवण्यात आलं. म्हणून तोंडी."

"कोणी कळवलं?"

"ते सोडा. तुमचं मत सांगा."

म्या बाकावर पाह्यलं. माया नवरा मायाकडं पाहून राह्यला होता, अन् त्याच्या डोयात भेव होतं. मागून सासूची नजर माया पाठीवर होती, ते मले वळून न पाहता समजलं. म्या डोक्शावरचा पदर नीट केला अन् म्हणलं, "मारोतराव."

कोणीतरी मागून म्हणलं, "लाज सोडली." म्या वळून सांगतलं, "लाज सोडली नाई, नाव घेतलं. तुले पोट्टी हाये ना गा? ती बी चौथीतच हाये." मंग मी बाहेर आली. माया मागून रुपाबाई गेली. तिच्या तांड्यात मारोती नावाचा कोणी नाई. ती मोकळ्या आवाजात म्हणे, "मारोतराव. पायजे तं दहा वेळा म्हणतो, साहेब." पण तांड्याच्या बाया किती? मायामागं दोघी-तिघींनी धीर केला, बाकीच्या शेपटीवाल्यावर अडकल्या.

थोडक्या मतानं उकंडराव निवडून आला. बाद झालेली मतं त्या फरकाच्या दुप्पट होती.

घरी आल्यावर सासू मायाशी बोलली नाई. मी बी बोलली नाई. तिच्यावर राग होता मले, खोटं कायले सांगू? मनात म्हणलं, बुढे, एक शब्द. एका शब्दापायी नातीची पाचवी गेली. गोमती अंगणात ठिक्कर खेळाचं सोडून पायरीवर बसली होती. तिनं इचारलं, "माय, मंग मी चंदासंगं बसणार नाई?" म्या तिले चहाचं आधण ठेवाले पाठवलं.

दिवे लागाच्या वक्ताले उकंडराव आला. गळ्यात हार तसाच. हातात पेढ्याचा पुडा. ओट्यावर आला अन् सरळ सासूच्या पायावर डोकं ठेवलं.

"काकू," म्हणे, "तुमच्यामुळं निवडून आलो. गावात घरंदाजपणा अजून उरला हाये तो तुमच्यासारख्या बायाइमुळं." अन् मायाकडं तिरप्या नजरेनं पाह्यलं. "आजकालच्या सुना तं काय, चारचौघात नवऱ्याले नावानं बोलवतात."

माया नवरा म्हणे, "उकंडराव, झालं ते झालं. पण खोलीचं..."

"अरे मारोतराव, कायची खोली? आधी कमान." तो पेढा तोंडात टाकून हासला. खुशीत होता, अन् खुशीत माणसाची जीभ सैल होते. "तुले सांगू? म्याच साहेबाले सांगतलं होतं, आमच्या गावात तोंडी घ्या म्हणून. म्हणलं, पाहू तं खरं, मारोतीच्या गावात मारोतीचं नाव किती बाया घेतात." मंग सासूकडं वळून म्हणे, "काकू, तुमी नाव घेणार नाई, याची मले पक्की खात्री होती. तुमीच पयल्या, मंग बाकीच्याइचं काय? अन् हे पाहा, पोट्टीले पाचवी नाई तं काई बिघडत नाई. माया साल्याचा पोरगा हाये कामरगावले. घरी वावर हाये, दोन बैलजोड्या हायेत. सांगा, चैतात बार उडवून टाकू."

त्यानं सासूच्या हातात पेढा ठेवला अन् गेला.

सासूनं उठून तो पेढा गायीपुढं टाकला. दुपारपासून पयल्यांदा मायाशी बोलली.

"रंगू, त्यानं साहेबाले सांगतलं म्हणे?"

"हो, आत्याबाई."

"म्हणजे त्याले ठाऊक होतं, मी नाव घेणार नाई."

"हो."

"माया तोंडाचा भरोसा होता त्याले," ती म्हणे. अन् आत जाऊन पडली. त्या दिवशी ती जेवली नाई.

सकाळी उठून पाहतो तं बुढी घरात नाई. मले वाटलं, देवळात गेली असन. मी घागर घेऊन निंघाली अन् शाळेजवळ येऊन पाहतो तं काय, कमानीसाठी रचलेल्या ढिगापाशी माई सासू उभी. डोक्शावर चुंबळ, चुंबळीवर दगड. लहानसाच, पण दगड. तो घेऊन ती शाळेच्या मांगं, खोलीची जागा आखली होती तथी गेली, टाकला, अन् दुसऱ्यासाठी परत आली. तिले धाप लागली होती.

म्या म्हणलं, "आत्याबाई, हे काय करून राह्यल्या?"

"दिसत नाई काय?" ती म्हणे. "उचलू लाग."

म्या घागर ठेवली. पाण्याले निंघालेली हिरीबाई थांबली. तिच्या मागची थांबली. जरा वेळानं शाळेच्या ओट्यावर रिकाम्या घागरीइची रांग लागली अन् काल बाद झालेल्या साऱ्या बाया डोक्शावर चुंबळी ठेवून दगड वाहून राह्यल्या होत्या. रुपाबाईले कोणी सांगतलं मले ठाऊक नाई, पण ती गाडी घेऊन आली.

उकंडराव धावत आला, धोतराचा सोगा हातात. साहेब मास्तरच्या घरी मुक्कामाले होता, सकाळच्या मोटारीनं जाणार होता. उकंडरावनं त्याले बी ओढत आणलं. म्हणे, "पाहा साहेब, कमिटीचा माल उचलून राह्यल्या. दगड ठेवा खाली. कोणाच्या हुकमानं चाललं हे?"

साहेब पुढं आला अन् त्यानं सासूलेच इचारलं, कारण सगळ्यात पुढं तीच होती. "आजी, कुणी सांगितलं तुम्हाला हे करायला?"

सासूनं डोक्शावरचा दगड उतरवला नाई. तसंच मान ताठ ठेवून म्हणे, "मारोतीनं."

मले वाटलं, माये कान वाजून राह्यले.

साहेब म्हणे, "कोण मारोती?"

"माया पोरगा. मारोती. काल तुमी इचारलं होतं, तवा सांगतलं नाई. आज सांगतो. लिवा."

"आजी, निवडणूक काल झाली."

"निवडणूक झाली असन. दगड अजून अथीच हायेत." तिनं डोक्शावरचा दगड एका हातानं सावरला. "सासरा मायाशी देवमाणसासारखा वागला. त्याच्या नावाचा मान म्हणून म्या ते कधी घेतलं नाई. अन् या उकंड्यानं त्या मानाचा धंदा केला. माया पाया पडून मले पेढा देल्ला यानं, साहेब. पेढा."

हिरीबाई मागून म्हणे, "माया बी घरच्याचं नाव मारोती. मारोती, मारोती. लिवता काय?"

मंग सगळ्याच बोलाले लागल्या. साहेबानं चष्मा काढून पुसला. उकंडराव म्हणे, साहेब, पोलीस बोलवा. रुपाबाईनं बैलाची येसण धरून सांगतलं, "हे दगड आमच्या बैलाईनं आणले, बापा. खोलीसाठी म्हणून आणले. कमानीले दगड लागत असतीन तं टेकडी तथीच हाये. जा, जूत गाडी."

साहेबानं साऱ्या गोळा झालेल्या लोकाइले इचारलं, श्रमदान कायसाठी झालं होतं. कालपर्यंत चूप बसलेले गडीमाणसं बी खाली पाहून म्हणाले, खोलीसाठी. तवा साहेब उकंडरावले म्हणे, "श्रमदान खोलीसाठी होतं, तर दगड खोलीचे. कमान हवी असेल तर तुमच्या खर्चानं बांधा." अन् मास्तरले म्हणे, "खोली झाली की कळवा. पाचवीचा मास्तर मी पाठवतो." मायाकडं त्यानं एकदा पाह्यलं. मोटारीचा भोंगा वाजला अन् तो गेला.

उकंडराव तथीच उभा होता. त्याच्या गळ्यात आज हार नव्हता.

एक मोठा दगड राह्यला होता, पायव्याच्या कोपऱ्याचा. चौघींनी जोर लावला तरी हालेना. रस्त्यानं माया नवरा वावरात निंघाला होता, खांद्यावर कासरा, पुढं बैल. गर्दी पाहून तो लांबच थबकला होता, नेहमीसारखा. सासूनं कंबरेवर हात ठेवून त्याच्याकडं पाह्यलं अन् जोरानं हाक मारली, "मारोती, अरे मारोती, बैल बांध अन् इकडं ये. हा आमाले हालत नाई."

तो काई हालला नाई. इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, मंग मागं वळून पाह्यलं. गावात मारोती लय. माय कोणत्या मारोतीले बोलवून राह्यली, हे तो पाहून राह्यला होता. पन्नाशीले आलेला माणूस, पण त्या आवाजात ते नाव त्यानं कधी ऐकलंच नव्हतं, तं त्याले कसं समजन की ते त्याचंच हाये?

सासूचे डोये भरून आले. पदरानं तोंड पुसून तिनं पुन्हा हाक मारली.